निवलं लेकरू

गुड फ्रायडेला गिरीजच्या त्या घरात माणसं वर्षातली सगळ्यांत जास्त आणि आवाज सगळ्यांत कमी, ही रीत हिलरीच्या बापापासूनची. लेकीसुना, नातवंडं गुरुवारी संध्याकाळी जमायची आणि ईस्टरचं जेवण अंगावर येईस्तोवर जेवून सोमवारी पांगायची. मधला शुक्रवार मात्र कडक. चूल पेटायची नाही, टीव्ही लागायचा नाही, केर काढायचा तोही झाडू न आपटता. दुपारी देवळात प्रार्थना व्हायची. चर्च हा शब्द शाळेतला, जुन्या माणसांच्या तोंडी अजून देऊळच. तिथून परतल्यावर पेज आणि खोबऱ्याची चटणी. तोवर मोठ्या माणसांच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. लहान मुलांना सूट होती, पण ती सूट द्यायची कुणी, हे कधी ठरलेलं नव्हतं. ज्याची त्याची आई बघून घ्यायची.

हिलरीला हा दिवस मनापासून आवडायचा. दुःखाचा दिवस आवडतो म्हणून सांगायचं तरी कुणाला, म्हणून तो बोलत नसे एवढंच. लहानपणी गुरुवारी रात्रीच देवळाच्या घंटा गप्प व्हायच्या आणि शुक्रवारी घंटेच्या जागी लाकडी फळ्यांची टकटक यायची. आय केसांना तेल लावायची नाही, बा विडीला हात लावायचा नाही, आणि भांडणारी भावंडंसुद्धा त्या दिवशी खुणांनी भांडायची. केळीच्या पानांचा आवाज इतका स्पष्ट यायचा की कुणीतरी शेजारी बसून कपड्याच्या घड्या घालतंय असं वाटायचं. आता वाडीपलीकडच्या रस्त्यावरून मोटारसायकली बोंबलत जातात. त्यांना कुठला शुक्रवार आणि कुठलं काय!

यंदा ओटीवर बसलेल्या हिलरीच्या मनात मात्र आठवणींपेक्षा काळजीच जास्त होती. जेन्सन घरात होता. ॲल्रॉयचा मुलगा, हिलरीचा एकुलता नातू, वय वर्षं सात. आणि आईशिवाय इथे राहायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात सासू-सुनेचं जे वाजलं होतं ते अख्ख्या आळीने ऐकलं होतं. हिलरीच्या बायकोने, फ्लॉसीने, नातवाला लाडाने अंड्याचा केक भरवला, पोर रात्रभर ओकलं, आणि अनुष्का चिडली तशी फ्लॉसी बोलून गेली, "आमच्या घरात असं कुणी नव्हतं बाई. आलंय ते तुझ्याच माहेरून." अनुष्काने त्याच पावली पोराला उचललं आणि वसई रोडच्या फ्लॅटवर गेली. त्यानंतर ती सणाला यायची, जेवायची, भांडी घासू लागायची, पण जेन्सनला घेऊन रात्रीच्या आत परत. या खेपेला तिच्या आईच्या, आशालताबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन विरारला निघालं म्हणून तिने नाइलाजाने बापलेकांना गिरीजला सोडलं होतं. हे दोन दिवस नीट पार पडले तर मे महिन्यात पोर राहायला येणार, आणि नाही पार पडले तर पुन्हा कधीच नाही. हे कुणी बोललं नव्हतं, पण फ्लॉसीला ठाऊक होतं, हिलरीलाही ठाऊक होतं.

जेन्सनचं दुखणं दुहेरी. तो बोलायचा नाही, नजरेला नजर द्यायचा नाही, आपल्याच तंद्रीत असायचा, आणि मिक्सर लागला किंवा कुत्रं भुंकलं की दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायचा. त्याला स्वमग्नता म्हणतात हे आता आळीलाही पाठ झालं होतं. दुसरं दुखणं रक्तातलं, जन्माचं. डाळ, दूध, अंडं, मासळी यांतलं प्रथिन त्याच्या शरीराला पुरतं जिरवता यायचं नाही. त्याचं आम्ल होऊन रक्तात साठायचं. मापात आणि वेळेवर खाल्लं की पोर ठीक. पण अंगात ताप शिरला किंवा उपास घडला की शरीर स्वतःचंच मांस जाळायला घेतं, आणि मग ते आम्ल डोक्यात चढतं. दोन्ही घरांकडून अर्धाअर्धा दोष आला की मूल असं होतं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फ्लॉसीने त्यातला आपला अर्धा कधी घरात घेतलाच नव्हता.

आणि तोच जेन्सन आज सकाळपासून बाकावर गप्प बसला होता.

"बघा तरी, किती गुणी बसलाय!" फ्लॉसी दारातून हळू आवाजात म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं सुख हिलरीने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "आजीचं घर मानवलं त्याला. उगाच म्हणतात, नवीन जागी तो सैरभैर होतो."

"तुझा नवस पावला बहुतेक ममा," ज्युली म्हणाली. हिलरीची ही थोरली लेक निर्मळला दिलेली, शाळेत शिकवायची, आणि तिच्या जिभेला गुड फ्रायडेलाही सुट्टी नसायची. "वहिनीबाईंना फोन करून सांग. दर तीन तासांनी चमचा घेऊन त्याच्या मागे धावतात ना, म्हणून तो ओरडतो. कुणी मागे नाही लागलं तर बसतोय बघ शहाण्यासारखा."

"ज्युली, पुरे," ॲल्रॉय म्हणाला, पण हसत म्हणाला. त्याला दुपारी देवळात गायचं होतं, हातात गाण्यांचं पुस्तक होतं, आणि बायको समोर नसली की तो लगेच आईचा मुलगा व्हायचा.

तेवढ्यात अनुष्काचाच फोन आला. ॲल्रॉयने उचलला. "हो गं, मजेत आहे. खाल्लं? हो, खाल्लं असेल, म्हणजे खाल्लं की! ममा बघतेय. थांब, ममाशी बोल."

फ्लॉसीने फोन दोन्ही हातांनी धरला. सुनेशी बोलताना ती अलीकडे परीक्षेला बसल्यासारखी बोलायची. "काही काळजी करू नकोस गो. रात्री जरा अंग तापलं होतं, पण आता निवलाय. अगदी निवलाय. तू आईकडे बघ."

निवलाय.

हिलरी पेपर वाचत होता. तो शब्द कानात गेला आणि पेपर मांडीवर आला. फ्लॉसी हा शब्द रोजच वापरायची, चहा निवला, तवा निवला. पण लेकरू निवलं, असं या ओटीवर शेवटचं म्हणाली होती ती त्याची आय.

फ्लॉईड. हिलरीच्या पाठचा भाऊ. आता त्याला पाहिलेलं या घरात हिलरीशिवाय कुणी उरलं नव्हतं. गोरापान, कुरळ्या केसांचा, आणि जन्मात एक शब्द न बोललेला. दिवसभर हात फडफडवत वाडीत फिरायचा, मासळी तोंडात घातली की थुंकून द्यायचा, भाताची पेज तेवढी प्यायचा. आळीतली माणसं त्याला देवाचं पोर म्हणायची. एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्याला ताप भरला. तापात पोट रिकामं ठेवायचं ही तेव्हाची पद्धत. आयने लंघन घातलं, वाटीभर पाण्यावर ठेवलं. एवढं ओरडणारं पोर एका दुपारी गप्प पडून राहिलं, तेव्हा आय याच दारातून बाहेर आली होती आणि बाला म्हणाली होती, "निवलं माझं लेकरू." दोघं किती खूश झाली होती! बाने तिला म्हटलं होतं, आता तूही जरा पड. संध्याकाळी देवळातून फादरना बोलवायला हिलरीलाच पळत जावं लागलं होतं.

हिलरी उठला. गुडघे कुरकुरले, पण उठला. जेन्सनसमोर उकिडवा बसला.

पोराचा एक हात कानावर होता. हिलरी बघत राहिला. जेन्सनचे हात कानांवर असणं यात नवल नव्हतं, घरादाराला त्याची सवय होती. पण तो नेहमी दोन्ही कान दाबायचा. आज उजवा तेवढा दाबलेला, डावा हात मांडीवर पडलेला. आणि आज घरात मिक्सर नाही, टीव्ही नाही, कुत्रंसुद्धा गप्प. कान दाबायचा कशासाठी?

"जेन्सू," हिलरीने हाक मारली. हाकेला तो एरवीही बघायचा नाही. म्हणून हिलरीने अंगणातला नळ सोडला. पाणी फरशीवर पडायला लागलं की हे पोर कुठेही असलं तरी धावत येणार, धारेखाली बोटं धरणार आणि कुणी ओढून नेलं तर घर डोक्यावर घेणार, हा नियम होता. नळ वाहत राहिला. जेन्सनने मानसुद्धा वळवली नाही. डोळे उघडे होते, पण ते जड होते, आणि श्वास असा भरभर चालला होता की जणू आताच पळून आला असावा.

"फ्लॉसी, याने काय खाल्लं?"

"आता कसलं खाणं? अंगात कणकण होती. सकाळी थोडं ओकला, बरं झालं, पोट साफ झालं."

"मी काय विचारतोय? काय खाल्लं?"

"पेजेवरचं पाणी दिलं रात्री. दोन घोट."

"आणि सकाळी?"

फ्लॉसीने ॲल्रॉयकडे पाहिलं. ॲल्रॉयने ज्युलीकडे पाहिलं. ज्युली म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? बाप तू आहेस." ॲल्रॉय म्हणाला, "मला वाटलं ममाने दिलं असेल." तिघंही एकमेकांच्या भरवशावर राहिली होती. घरात चूलच पेटली नव्हती तर पोराची ताटली कुणाच्या नजरेला पडणार? सगळ्यांच्याच पोटात काही नव्हतं, त्यात एक पोट लहान होतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अनुष्काला फोन लाव," हिलरी म्हणाला.

"पपा, थांबा जरा," ॲल्रॉयचा चेहरा उतरला होता. "आधी काहीतरी खायला घालू. लगेच तिला सांगितलं तर... तुम्हाला माहितीये ती कशी आहे. पुन्हा कधी पाठवणार नाही त्याला."

"तीनची प्रार्थना होऊ दे, मग जाऊ डॉक्टरकडे," फ्लॉसी म्हणाली. "झोप आलीय त्याला. रात्री झोपला नाही नीट."

"झोप नाही ती!" हिलरी ओरडला. त्या घरात गुड फ्रायडेला मोठ्याने बोललेला तो बहुधा पहिलाच माणूस. शेजारच्या ओटीवरची माणसं वळून बघायला लागली. "माझ्या आयनेपण हेच म्हटलं होतं! निवलं म्हटलं होतं! लाव फोन, नाहीतर मी लावतो!"

फोन ज्युलीने लावला. आतापर्यंत वहिनीची टर उडवणारी हीच बाई आता फोनवर एकेक गोष्ट घडाघडा सांगत होती, काही न लपवता. ताप कधीपासून, ओकला किती, खाल्लं काय. पलीकडून अनुष्काचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती विचारत होती. "जागा केला तर गिळतोय का दीदी? गिळत असेल तर साखरेचं पाणी चमच्याने, थोडं थोडं, बसवून. ठसका लागला तर लगेच बंद. दूध नको, बिस्किट नको. आणि गाडी काढ. मी डॉक्टरांना कळवते आणि तिथेच येते."

गाडी ज्युलीने चालवली, ॲल्रॉय पुढे बसला, मागे हिलरीच्या मांडीवर जेन्सन. फ्लॉसी वाटीत साखर विरघळवत तशीच, चप्पल न घालता गाडीत शिरली. वसईच्या रस्त्यावर पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली माणसं देवळाकडे चालली होती. एरवी त्यांतली अर्धी फ्लॉसीला हात करायची आणि ती प्रत्येकीच्या साडीवर एक शेरा मारायची. आज तिने वर पाहिलंच नाही. चमचा पोराच्या ओठांना लावायची, घशाकडे बघायची, गिळलं की पुढचा भरायची. तिच्या ओठांवर प्रार्थना होती की पोराशी बोलणं, हे हिलरीला कळलं नाही. बहुतेक दोन्ही होतं.

मुलांच्या हॉस्पिटलात त्यांची वाट बघत होते. अनुष्काने फोनवर नेमकं काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, पण कागदबिगद न विचारता सिस्टरने पोराला उचललं, हाताला सुई लावली, साखरेचं सलाइन सुरू केलं आणि रक्त काढून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि तोंडाने 'च्च' केलं.

"उजव्या कानात पू झालाय. दोनतीन दिवस तरी ठणकत असेल. मोठा माणूस रात्रभर कळवळला असता."

"तो कान नेहमीच दाबतो," ॲल्रॉय पुटपुटला.

"म्हणूनच कळत नाही या मुलांचं. दुखतंय हे सांगता येत नाही, आणि सांगायची जी खूण असते ती आपण सवय म्हणून सोडून देतो." मग त्यांनी सोपं करून सांगितलं. कानातल्या जंतूंनी ताप आणला, तापाने आणि उपासाने रक्तात आम्ल वाढलं. शिवाय पोटातले काही जंतूही तेच आम्ल तयार करतात, म्हणून त्यांच्यासाठीही औषध द्यावं लागेल. आता साखर मिळाली की शरीर स्वतःला जाळायचं थांबेल. "शुद्धीवर यायला उद्याची सकाळ उजाडेल, आणि चारपाच दिवस इथेच ठेवावं लागेल. आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते."

अनुष्का ऑटोतून उतरून आत आली तेव्हा जेन्सन झोपल्यासारखा पडला होता. ती सरळ त्याच्याजवळ गेली, त्याच्या कपाळावर गाल ठेवला, सलाइनच्या थेंबांकडे पाहिलं, आणि मग वळली.

"ममा, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात निवलाय."

"निवलाच होता गो."

"ताप निवला, असं समजले मी! ताप उतरला म्हणून मी फोन ठेवला!"

"ताप नव्हता उतरला," फ्लॉसी रडायला लागली. "पोर निवलं होतं. शांत झालं होतं. मला वाटलं... माझ्याकडे एकदाचं शांत झालं. मला तेवढंच दिसलं."

"तो शांत असला की मी रात्रभर जागी असते," अनुष्का म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता. "तुम्हाला सगळ्यांना तो ओरडतो त्याचा त्रास होतो. मला नाही होत. ओरडतोय म्हणजे ठीक आहे हे मला माहीत असतं. आणि ॲल्रॉय, तू खाल्लं म्हणालास. कुठल्या तोंडाने म्हणालास?"

ज्युली पुढे झाली आणि तिने अनुष्काच्या खांद्यावर हात ठेवला. अनुष्काने तो झटकला नाही. "माझंही चुकलं," ज्युली म्हणाली. "मी सकाळी तुझी थट्टा करत होते. बघत मात्र नव्हते."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई माहिती विचारायला आल्या. नेहमीचे प्रश्न. घराण्यात असं कुणी? लहानपणी दगावलेलं मूल?

"नाही," फ्लॉसी सवयीने म्हणाली. "आमच्याकडे नाही."

"होता," हिलरी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"माझा भाऊ. फ्लॉईड. बोलायचा नाही. हात फडफडवायचा. मासळी खायचा नाही. तापात गेला, आधी उपाशी ठेवला होता त्याला." फ्लॉईडला जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली होती आणि आता या गुळगुळीत भिंतींसमोर हिलरी त्याचं नाव घेत होता. "आम्हाला वाटायचं, देवाने नेला. हे असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. या मुलाच्या वेळी मुंबईला विचारलं तेव्हा मी वाडीत होतो, आणि माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तो जाऊन किती वर्षं झाली होती. तिने त्याला पाहिलाच नाही."

"आता खात्रीने सांगता येणार नाही, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण असू शकतं."

असू शकतं. एवढ्या दोन शब्दांनी त्या खोलीतल्या माणसांच्या जागा बदलल्या. फ्लॉसी खुर्चीवर बसली ती पुन्हा उठेचना. तुझ्याच माहेरून आलंय, हे तिचं वाक्य आता तिच्याच पदरात येऊन पडलं होतं. अनुष्काने सासऱ्याकडे पाहिलं. ती काहीतरी लागट बोलणार असं हिलरीला वाटलं, आणि बोलली असती तर तो तिचा हक्कच होता. पण ती पोराकडे वळली आणि त्याच्या हाताची पट्टी नीट करत बसली. त्या दिवशी फ्लॉसी देवळात गेली नाही. लग्न होऊन गिरीजला आल्यापासून प्रथमच.

शनिवारी सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा जेन्सनने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, हातातली सुई पाहिली आणि असा काही किंचाळला की शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. सिस्टर धावत आली. "आजी, शांत करा हो त्याला, बाकीची मुलं आहेत."

"ओरडू दे हो त्याला," फ्लॉसी म्हणाली. "थोडा वेळ ओरडू दे."

अनुष्का हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने ओढणीने डोळे पुसले, पोराचे हात धरले, आणि तसंच, हिलरीकडे न बघता विचारलं, "पपा, फ्लॉईडकाका असेच ओरडायचे?"

काका. इतक्या वर्षांत त्या पोराला कुणी नात्याने हाक मारली नव्हती. मेला तेव्हा तो जेन्सनहूनही लहान होता, त्याला कोण काका म्हणणार? हिलरीला एकदम हसूही आलं आणि भरूनही आलं.

"याच्या दुप्पट. त्याला आमच्या विहिरीवरच्या रहाटाचं वेड होतं. बैल फिरायला लागला, रहाट कुरकुरायला लागला, मडकी पाणी घेऊन वर आली की हा समोर बसून डुलायचा. जेवण विसरायचा. पण गुड फ्रायडेला रहाट बंद. बैलाला जू नाही, कसलाही आवाज नाही. मग याचा धिंगाणा. डोकं आपटायचा, किंचाळायचा, आळीतली माणसं ओटीवर येऊन म्हणायची, अरे, आजच्या दिवशी तरी!"

"मग?"

"मग काय? एका वर्षी बा उठला. आमचा बा म्हणजे फार कडक माणूस, देवळात पहिल्या रांगेत गुडघे टेकायचा, सणाला देवळातल्या सेवेकऱ्यासारखा सरळ उभा राहायचा. तो विहिरीवर गेला आणि बैलाच्या जागी स्वतः लागला. छाती लावून रहाट फिरवायला लागला. सगळा गाव गप्प, आणि आमच्या विहिरीवर करकर, करकर! पोटात अन्न नाही, ऊन डोक्यावर, आणि हा फिरतोय. फादरपर्यंत बातमी गेली. फादरनी विचारलं तेव्हा बा म्हणाला, पोर रडत होतं. बस्स, एवढंच. दुसरं काही सांगितलं नाही. त्यानंतर फ्लॉईड होता तोवर दर गुड फ्रायडेला बा रहाट ओढायचा."

"आणि फ्लॉईडकाका गप्प बसायचे?"

"छे! आणखी जोरात ओरडायचा. आनंदाने."

फ्लॉसी ऐकत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. तिने सासऱ्यांना पाहिलं होतं ते म्हातारपणी, उपास मोडणाऱ्या पोरांवर डोळे वटारणारे. तिने पदराने नाक पुसलं आणि उठली. "मी जाते आता घरी," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "उद्या ईस्टर. माणसांचं जेवणखाण आहे. इथे माझी काय गरज."

"ममा," अनुष्का म्हणाली.

फ्लॉसी दारात थांबली. आता अनुष्का काय बोलणार याची सगळ्यांनाच कल्पना होती, आणि ॲल्रॉयने तर मान खालीच घातली.

"सोमवारी मला बँकेत जावंच लागेल. रजा उरलेली नाही. ॲल्रॉयचीही नाही. याला तेव्हा डिस्चार्ज मिळालेला नसेल."

"हो गो. मग ज्युलीला सांग ना. ती शिकलेली आहे."

"तुम्ही बसा त्याच्याजवळ."

फ्लॉसीला ते खरं वाटलं नाही. "माझ्यावर टाकून जाशील त्याला? अजूनही?"

"टाकून नाही जाणार," अनुष्का म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, तो आवाजात अजून होता. "शिकवून जाणार. पाणी कसं करायचं, कधी द्यायचं, ताप आला तर पहिल्यांदा कुणाला फोन करायचा. एकदा चुकलात तर दोनदा सांगेन, पण तुम्ही मला खरं काय ते सांगायचं. निवलाय-बिवलाय नको. काय खाल्लं, किती ओकला, नळाकडे धावला की नाही, तेवढं सांगायचं."

"सांगेन," फ्लॉसी म्हणाली. ती दारातच उभी होती.

"मग उभ्या का? त्याला साखरेचं पाणी द्यायची वेळ झालीय. तिकडे साबण आहे. कोपरापर्यंत हात धुऊन या."